शेजारच्या जिल्ह्यातली सारिका

धारूरहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय. मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज एका खेळाडूची गोष्ट सांगायची आहे. तीही एका परीने घरखर्चाचीच गोष्ट आहे.

नवरात्रात आपल्याकडच्या कितीतरी बाया तुळजापूरला आईच्या दर्शनाला जातात. त्याच तुळजापुरात सारिका काळे यांना तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी लागली. गाव त्यांचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्याची लेक. २०१६ साली गुवाहाटी आणि शिलाँगला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. त्यात खो-खोचा समावेश पहिल्यांदाच झाला होता. भारताच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघाची कर्णधार सारिका होती.

खो-खो आपण सगळ्यांनीच शाळेत खेळलोय. पाठीवर थाप बसली की उठून पळायचं, एवढं तरी आठवतंच. पण या खेळाला मोठा इतिहास आहे, तो कुणी आपल्याला सांगितला नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात त्याचे नियम बसवले गेले. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवले, त्यात खो-खोही होता. पुढे १९५९-६० मध्ये विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती पुरुषांची. बायांची राष्ट्रीय स्पर्धा त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात भरली. एकाच वर्षाचा उशीर! बाकी कितीतरी ठिकाणी बायांना याहून फार जास्त वाट बघावी लागली आहे.

आम्हाला हा खेळ आपल्या भागातला वाटतो तो दुसऱ्या एका कारणाने. बास्केटबॉलला रिंग लागते, बोर्ड लागतो, पक्कं मैदान लागतं. खो-खोला दोन खांब, फक्कीच्या रेघा आणि मोकळी जमीन एवढं पुरतं. मुली उसाच्या फडात, विहिरीच्या वाटेवर वाकायला-धावायला शिकलेल्याच असतात.

सारिका तेरा वर्षांची असताना तिच्या काकांनी तिला मैदानावर नेलं. घरची स्थिती बेताची. वडिलांच्या तब्येतीमुळे त्यांच्या हातून फारसं काम होत नव्हतं. आई घरचं सगळं बघून शिवणकाम करायची. घर चालायचं ते आजी-आजोबांच्या कमाईवर. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिकाने स्वतःच सांगितलं, की जवळजवळ दहा वर्षं ती दिवसातून एकदाच जेवून खेळत होती. मैत्रिणींनो, खो-खोत संरक्षण करणारी मुलगी एकेक, दोन-दोन मिनिटं न थांबता पळते. हुलकावणी देते, खांबाला गिरकी घेते. बसलेल्या आठ जणींपैकी कोण कधी उठून अंगावर येईल त्याचा नेम नसतो. हे सगळं एका वेळच्या जेवणावर! आपण आपल्या मुलींच्या ताटात काय वाढतो, अंडं कुणाच्या वाट्याला जातं, हे आमच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

ज्या २०१६ ने तिला सुवर्ण दिलं, त्याच वर्षी घरच्या पैशाच्या ओढाताणीने ती इतकी खचली, की खेळ सोडायचं तिने ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढली, तेव्हा ती परत मैदानावर आली. पदक मिळालं म्हणजे घरातलं दुःख संपलं असं आपल्याला वाटतं. पण पदकाने किराणा येत नाही. पुढे क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी लागली, तेव्हा कुठे हातात दर महिन्याचा पगार आला.

२०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या खेळाडूला तो बावीस वर्षांनी मिळत होता. कोरोनामुळे त्या वर्षीचा सोहळा पडद्यावरच झाला. त्याच वर्षी या पुरस्काराची रक्कम पाच लाखांवरून पंधरा लाख झाली. चांगलंच झालं, पण ही मदत मुलगी तेरा वर्षांची असताना लागते, असं आमच्या गटातल्या एका मावशीचं म्हणणं आहे आणि आम्हाला ते पटतं.

तेरा वर्षं हा आकडा आमच्या डोक्यातून जात नाही. कारण आपल्याकडे त्याच वयात मुलीचं मैदान बंद होतं. दिवाळीच्या सुमाराला घरं कारखान्याच्या वाटेला लागतात. मोठी मुलगी मागे ठेवायची तर काळजी, सोबत न्यायची तर शाळा सुटते. मग अठराच्या आत लग्न उरकायचं बोलणं निघतं. त्या आई-बापाला नुसती नावं ठेवून काय होणार? मुलगी शाळेच्या संघात असेल, तिच्या मागे शिक्षक असतील, चार महिन्यांनी तिची स्पर्धा असेल, तर ‘एवढ्यात नको’ म्हणायला आईच्या हातात काहीतरी असतं.

आणि सारिकापाशीच हे थांबलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं आणि १९ जानेवारीला अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० ने. कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिचं गाव केज तालुक्यातलं कळमआंबा. धारूरच्या अगदी पलीकडचा तालुका! टीव्हीवर ‘बीड’ हा शब्द चांगल्या बातमीत ऐकून आम्हाला किती बरं वाटलं ते काय सांगावं.

आता कामाचं. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या मुलींसाठी होतात. तालुक्यातून जिल्हा, विभाग आणि राज्य अशी त्यांची चढती पायरी असते. नियमात बसणाऱ्या खेळाडूला दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. मात्र प्रमाणपत्र जपून ठेवावं लागतं. रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे सापडेल. शाळेत पालकसभा असेल त्या दिवशी खो-खोचा संघ कधी निवडतात, सराव किती वाजता असतो आणि मुलींना घरी कोण सोडतं, हे तीन प्रश्न विचारून या. पुढच्या बैठकीत कोणत्या शाळेने काय सांगितलं ते आम्ही वहीत लिहून घेणार आहोत.