बिडाचं झाड

झाडांच्या बाबतीत माझ्या खतावणीत फक्त नावेची बाजू भरलेली आहे; जमेच्या रकान्यात आजवर एक पान नाही. दोष सगळा माझा नव्हे. आमचं घर तळमजल्यावर आणि समोर पाच मजली इमारत. ऊन आमच्याकडे येतं ते बुडीत कर्जाच्या हप्त्यासारखं, कधीतरी आणि थोडंथोडं. डिसेंबरात तर तेही बंद. तरीही दोन हिवाळ्यांपूर्वी सौ.नं हुकूम काढला, "हॉलमध्ये काहीतरी हिरवं हवंच."

मी नर्सरीवाल्याला आमच्या अटी सांगितल्या. ऊन नाही, पाण्याची शाश्वती नाही, मालकाला अक्कल नाही. त्यानं शांतपणे लांब, रुंद पानांची एक कुंडी पुढे सरकवली. "हे न्या साहेब. अ‍ॅस्पिडिस्ट्रा. हे मरत नाही."

मरत नाही? आम्ही ब्यांकेतली माणसं. कर्ज देण्याआधी पार्टीची चौकशी करतो, तशी याचीही केली.

मूळ गाव चीन-जपानकडचं. तिथं रानात मोठ्या झाडांच्या सावलीत राहणारं कुटुंब. १८२२ साली इंग्लंडात या कुळाचं शास्त्रीय बारसं झालं आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात ते मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात शिरलं. आता तो दिवाणखाना डोळ्यांपुढे आणा. लंडनचा डिसेंबर, म्हणजे दिवस जेमतेम आठ तासांचा. खिडक्यांना जाड पडदे, शेगडीत दगडी कोळसा आणि भिंतीवर कोळशाच्याच गॅसचा दिवा. या गॅसपायी छत काळवंडे आणि झाडांची पानं गळत. या गॅसमधलं नेमकं काय रोपांना बाधतं, ते १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव यांनी वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून दाखवलं. गॅसमधलं इथिलीन! आपल्या आंब्याच्या आढीत असतो तोच हा वायू. फळाला पिकवतो, पानाला गळवतो.

नाजूक नेच्यांची सोय मात्र झाली होती. नथॅनिएल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरांना १८२९ साली बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला आणि त्यातून काचेच्या पेट्या निघाल्या. थोडक्यात, नेच्यांना साहेबासारखी काचेची केबिन मिळाली. अ‍ॅस्पिडिस्ट्रा बाहेर काउंटरवरच राहिला! धूर खाल्ला, अंधार खाल्ला, थंडी खाल्ली आणि हिरवा राहिला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'कास्ट आयर्न प्लांट', म्हणजे बिडाचं झाड.

जे टिकतं ते स्वस्त होतं आणि जे स्वस्त होतं त्याची टिंगल होते. अ‍ॅस्पिडिस्ट्रा म्हणजे चाकोरी, भाड्याची खोली, कारकुनी अब्रू. मोतिहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांनी १९३६ साली 'कीप द अ‍ॅस्पिडिस्ट्रा फ्लाइंग' ही कादंबरी लिहिली. तिचा नायक या झाडावर इतका चिडलेला, की त्यावर सिगारेटी विझवतो, कुंडीत मीठ कालवतो. झाड जगतंच. आणि शेवटी हाच गृहस्थ लग्न करतो, सोडलेली नोकरी पुन्हा धरतो आणि हट्टानं घरात अ‍ॅस्पिडिस्ट्रा आणतो!

हे वाचलं आणि मला नऊ वर्षांपूर्वीचा एक कागद आठवला. बढतीचा. ऑफिसर झालो की बदली ठरलेली, आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. मी नकार लिहून दिला. माझ्यामागून आलेली पोरं साहेब होऊन काचेआड बसली. परवा चिरंजीव सहज म्हणाले, "बाबा, तुम्ही त्या काउंटरला रुजलात हो." टोमणा मारायचा नसावा त्याला. पण लागायचं ते लागलंच. आई त्यानंतर सहा हिवाळे काढून गेली. त्या सहा हिवाळ्यांत रोज संध्याकाळी साडेसहाला मी घरी होतो, तिच्या उशाशी. ही नोंद कुठल्या खात्यात करायची, हे बी.कॉम.ला शिकवलेलं नाही.

या जानेवारीत फरशी पुसताना सौ. ओरडली, "अहो, हे काय उगवलंय?" कुंडीत, अगदी मातीला टेकून, जांभळट रंगाचं एक बसकं फूल. बिडाला फूल! चौकशी केली तर कळलं, याला फुलं अशीच येतात. उभ्या माणसाच्या नजरेस पडायची नाहीत. पण ती वाया जात नाहीत. जपानी संशोधकांनी २०१८ साली छापलंय, की त्यांच्या एका बेटावर बुरशीवर वाढणाऱ्या बारीक माश्या या फुलांपर्यंत बरोबर पोचतात आणि परागकण वाहून नेतात.

मी चिरंजीवांना हाक मारली. तो आला, म्हणाला, "कुठाय?" मग गुडघ्यांवर बसला, वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "भारीच आहे हे. पण याला पाणी घातलंत का?"

मी विसरलो होतो.