दूधकोसी नदीतील नौकानयन
पूर्व नेपाळमधील दूधकोसी या हिमनदीपोषित नदीच्या द्रुतवाहांतून कायाक जातीच्या लहान नावेने केलेला प्रवास. एव्हरेस्टच्या दक्षिण पायथ्याकडील खुंबू प्रदेशाचे जलवाहन ही नदी करते. गोक्योकडून येणारा प्रवाह, खुंबू हिमनदीचे पाणी आणणारी इम्जा खोला आणि थामेकडून येणारी भोटेकोसी हे तिचे प्रमुख घटक-प्रवाह होत. ती पुढे सुनकोसीस मिळते व त्यांचे पाणी सप्तकोसीच्या रूपाने बिहारच्या मैदानात उतरते.

नदीचे नाव अन्वर्थक आहे. हिमनदी सरकताना तळच्या खडकाचे पिठासारखे सूक्ष्म चूर्ण करते. ते पाण्यात दीर्घकाळ तरंगत राहते व प्रवाहास दुधट रंग येतो. नावाड्याच्या दृष्टीने मात्र ही दुधट झाक सोयीची नाही, कारण पाण्याखालचा खडक तीमुळे दिसत नाही. तो पृष्ठभागावरील उसळी आणि भोवरे यांवरूनच ओळखावा लागतो. पाणी फुगले असता तळावरून गडगडत जाणाऱ्या शिलाखंडांचा आवाज काठापर्यंत ऐकू येतो.

पावसावर वाहणाऱ्या नदीला ऋतू असतात. हिमनदीपोषित नदीला ऋतूंबरोबर प्रहरही असतात. हिमनदीच्या मुखाजवळ पहाटे पाणी सर्वांत कमी असते. ऊन चढू लागले की बर्फ वितळते आणि दुपारनंतर प्रवाह फुगत जातो. ही वाढ खालच्या गावांपर्यंत पोहोचण्यास काही तास लागतात. त्यामुळे एकाच दिवसाचा उच्चांक वरच्या भागात सायंकाळी, तर बऱ्याच खाली रात्रीही येऊ शकतो. सकाळी काठावरून पारखून ठेवलेला द्रुतवाह दुपारी तोच राहत नाही, आणि खाली निघालेली नाव वाढत्या पाण्याबरोबरच प्रवास करू लागते. महाराष्ट्रात कोलाडजवळ कुंडलिका नदीतही नौकाविहार पाण्याच्या वेळा पाहूनच करतात. तेथील वेळ भिरा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यावर ठरते, खुंबूतील वेळ सूर्य ठरवतो. तिचे वेळापत्रक कोणी जाहीर करीत नाही. पावसाळ्यात (जून ते सप्टेंबर) वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात मोसमी पावसाची भर पडते. म्हणून पावसाळ्यानंतरचा काळ हिमालयातील अशा प्रवासास अधिक अनुकूल मानतात.

कायाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांची, चौकटीवर सीलचे कातडे ताणून केलेली शिकारीची नाव. जर्मनीत आल्फ्रेड हॉइरिख याने १९०५ मध्ये घडीची नाव तयार केली व योहान क्लेपर याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेऊन तिच्या उत्पादनास सुरुवात केली. आगगाडीतून नेता येणाऱ्या या नावेमुळे आल्प्समधील हिमनद्यांच्या पाण्याचे प्रवाह हौशी नावाड्यांच्या आवाक्यात आले. उलटलेली कायाक बाहेर न पडता वल्ह्याच्या साहाय्याने पुन्हा सुलटी करण्याची इन्युइटांची युक्ती एडी हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन नावाड्याने १९२७ मध्ये आत्मसात केली. ही युक्ती पुष्कळदा कसरत म्हणून दाखविली जाते. परंतु गोठणबिंदूच्या थोड्याच वर असलेल्या पाण्यात माणसाच्या हातांतील शक्ती काही मिनिटांतच ओसरू लागते. तेथे नावेतून बाहेर न पडणे हाच जीव वाचविण्याचा पहिला उपाय असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकच्या नावा प्रचारात आल्या. कापडी नावांपेक्षा त्या दणकट होत्या; तथापि खडकावर आदळून त्या फुटत आणि त्यांची डागडुजी नदीकाठीच करावी लागे. न फुटणाऱ्या पॉलिएथिलिनच्या कायाक १९७० नंतरच्या दशकात बाजारात आल्या.

दूधकोसीवरील सर्वांत प्रसिद्ध मोहीम १९७६ मध्ये झाली. माइक जोन्स हा ब्रिटिश डॉक्टर तिचा नेता होता आणि त्याच्या सहकाऱ्यांत मिक हॉपकिन्सन हा कुशल नावाडी होता. या दोघांनी १९७२ मध्ये इथिओपियातील निळ्या नाईलवर कायाक चालविली होती. दूधकोसीवर मात्र उंचीची अडचण नव्याने पुढे आली. खुंबू हिमनदीच्या परिसरात, ५,००० मी.हून अधिक उंचीवर त्यांनी नावा पाण्यात घातल्या. तेथील विरळ हवेत वल्हे मारणाऱ्यास दम लवकर लागतो आणि उलटलेल्या नावाड्याला श्वास रोखून धरणे कठीण जाते. लिओ डिकिन्सन या छायाचित्रकार-गिर्यारोहकाने या मोहिमेवर केलेला दूधकोसी : रिलेंटलेस रिव्हर ऑफ एव्हरेस्ट (१९७७) हा चित्रपट अनेक देशांत दाखविला गेला. मोहिमेची कीर्ती मुख्यतः या चित्रपटामुळे झाली. एव्हरेस्टवरून नावेने उतरल्याचे जे लोकप्रिय वर्णन केले जाते, ते मात्र शब्दशः घेण्यासारखे नाही. अशा नद्यांचे काही भाग नावेला अगम्य असतात व तेथे नाव खांद्यावरून न्यावी लागते. नाव कोठे उचलावी हे ओळखणे हाही या कौशल्याचाच भाग आहे.

जोन्स १९७८ मध्ये काराकोरममधील ब्राल्डू नदीवर गेला. बिआफो व बाल्तोरो या हिमनद्यांच्या पाण्याने ती वाहते. तेथे अडचणीत सापडलेल्या एका सहकाऱ्याच्या मदतीस जात असता त्याचा बुडून मृत्यू झाला.

नौकानयनाच्या इतिहासात ‘प्रथम अवतरण’ नोंदविण्याची पद्धत गिर्यारोहणातून आली आहे. शिखराच्या बाबतीत ती योग्य ठरते, कारण शिखर बहुधा जागीच राहते. दूधकोसीच्या बाबतीत ती अपुरी पडते. ३ सप्टेंबर १९७७ रोजी, म्हणजे जोन्सच्या मोहिमेनंतर सुमारे वर्षभरात, आमा दब्लाम शिखराच्या बाजूच्या नारे हिमनदीवरील जलाशय फुटला व या खोऱ्यात पूर आला. ४ ऑगस्ट १९८५ रोजी भोटेकोसीच्या खोऱ्यातील दिग त्शो या सरोवरात हिमलोट कोसळून उठलेल्या लाटेने हिमोढाचा नैसर्गिक बांध फुटला. त्या पुराने थामेजवळचा, जवळजवळ पूर्ण होत आलेला लघु जलविद्युत् प्रकल्प व खालच्या दरीतील चौदा पूल वाहून नेले. पुराने आणलेल्या शिलाखंडांनी पात्राचा तळ ठिकठिकाणी बदलला. जुने द्रुतवाह बुजले आणि नवे निर्माण झाले. १९७६ मध्ये नावाड्यांनी उतरलेली वाट त्यांच्यामागून येणाऱ्यांना जशीच्या तशी मिळू शकली नाही.

नावाडी काही आठवड्यांनी परत जातात. नदीकाठच्या शेर्पा वस्त्यांना मात्र याच प्रवाहावरील पूल, शेते आणि पाणचक्क्या यांच्या आधाराने राहावे लागते. अशा नदीविषयीचे सर्वांत जुने आणि व्यवहारात कसाला लागलेले ज्ञान त्यांच्याजवळ आहे, तरी मोहिमांच्या वृत्तांतांत त्यांचा उल्लेख बहुधा ओझे वाहणारे एवढाच येतो. १६ ऑगस्ट २०२४ रोजी थामेच्या वरील हिमसरोवराच्या स्फोटाने पुन्हा पूर आला. गावातील शाळा, आरोग्यकेंद्र व अनेक घरे त्यात नष्ट झाली. हिमनद्या मागे हटत असून त्यांच्या मुखाशी साठणारी सरोवरे वाढत आहेत. इम्जा सरोवराची पातळी २०१६ मध्ये कृत्रिम कालवा काढून सु. ३ मी.ने उतरविण्यात आली.