ठरावांतली काळजी

अकोटकडच्या बायकांच्या चळवळीवर संशोधन करायचंय, पण 'कागदच नाहीत' म्हणून अडलात? अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्यापासून सुरुवात करा. २० जुलै १९४२ ला नागपुरात भरलेल्या दलित महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. घटस्फोटाच्या हक्काबरोबरच कामगार बायकांना रजा, दुखापतीची भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावी, असेही ठराव तिथे झाले. म्हणजे एकमेकींची काळजी त्यांनी घरापुरती ठेवली नाही, तिला हक्काचं रूप दिलं.

हा इतिहास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी कागद धुंडाळून, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना गाठून गोळा केला. 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आलं. आज हीच काळजी बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरही दिसते. तेही दफ्तरच आहे. मात्र बायकांना विचारूनच ते जपा.