नाव कुणी ठेवायचं?

राणीसावरगावात माझ्या आज्जीला तिच्या नावानं हाक क्वचितच यायची. यायची ती जातीनं. तिथून हा हिशेब मांडतोय, दोस्तहो.

जोतिबांनी 'अतिशूद्र' लिहिलं, सरकारी कागदानं 'अस्पृश्य'. 1932 ला गांधींनी 'हरिजन' हा शब्द उचलला. शब्द गोड होता, पण पाणी वरूनच वाढत होते. जानेवारी 1938 मधी खेर मंत्रिमंडळानं हाच शब्द लोकल बोर्डाच्या कायद्यात घालायचं ठरवलं. मुंबईच्या विधिमंडळात दादासाहेब गायकवाडांनी आणि बाबासाहेबांनी विरोध केला. म्हणणं साधं होतं : आमचं नाव आम्हाला विचारून ठेवा. बहुमतानं ते पाडलं. तवा बाबासाहेब आपल्या पक्षासकट सभागृहातून उठून गेले.

1956 ला बौद्ध झालो, तर कागदानं पुढं 'नव' जोडलं. 1972 ला पँथरनं 'दलित' शब्द झेंड्यावर घेतला. जखमेचंच नाव, पण आपण घेतलेलं. 'हरिजन' म्हणणं अपमानाचं आहे, हे सुप्रीम कोर्टानं 2017 ला सांगितलं. म्हंजे त्या उठून जाण्याला 79 वर्षं झाल्यावर. 2018 ला केंद्रानं वाहिन्यांना सांगितलं, 'दलित' म्हणू नका. पुन्हा विचारलं कुणी?

2020 ला राज्य सरकारनं वस्त्यांची जातीची नावं बदलायचं ठरवलं. बरंच झालं. पण बोलणाऱ्याच्या मनात जुनीच पाटी असंल, तर नवा शब्दही उद्या शिवी होईल.

आज्जीला एक नाव होतं. तेवढंच घ्यायचं होतं.