प्रौढपणीची शाळा आणि कामाचे तास

जोतीराव फुले यांची शाळा एकदा सुटली होती आणि पुन्हा सुरू झाली, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढले आणि मळ्यात कामाला लावले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली व १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. त्या वेळी त्यांचे वय चौदाच्या आसपास होते. शाळा सोडवण्याचा निर्णय बापाचा, आणि परत घालण्याचाही बापाचाच.

चाळिशीच्या माणसाची गोष्ट निराळी. त्याची समजूत घालायला कोणी मुन्शी येत नाही, आणि आलाच तरी समजूत घालायची कोणाची? बाप तोच, मुलगाही तोच. पुन्हा पाटी धरावी की नाही हे त्याचे त्यानेच ठरवायचे, असे आपण म्हणतो, आणि त्याने ठरवले नाही म्हणजे जिद्द कमी पडली असा निकालही देऊन टाकतो. आम्हांला हा निकाल मान्य नाही. शाळेत परत जावे की न जावे हा प्रश्न पडायलासुद्धा माणसाच्या हाती एक मोकळी संध्याकाळ असावी लागते. ती संध्याकाळ कामकऱ्याला कशी व केव्हा मिळाली, हा इतिहास शाळांच्या इतिहासात सहसा येत नाही. तो कायद्यांच्या आणि संपांच्या इतिहासात शोधावा लागतो.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची वेळ त्यांनी का निवडली, हे सांगायला नको. दिवस मालकाचा किंवा मातीचा होता. परंतु शेतातले व बांधकामावरचे काम निदान सूर्य मावळला की थांबे. त्याच सुमारास मुंबईत कापडाची गिरणी उभी राहत होती. कावसजी दावर यांची कंपनी १८५४ ची. गिरणीने सूर्याचा हा हिशेब मोडला. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत माणूस आत, आणि पुढे विजेचे दिवे आल्यावर दिवे लागणे ही खूणही उरली नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. ही सुट्टी मागणारे शाळेसाठी मागत नव्हते. त्यांना झोप हवी होती, बाजारहाट करायचा होता, केस कापायचे होते, देवाला जायचे होते. यात कमीपणा काहीच नाही. आठवड्याची झोप साठलेल्या माणसाला बाराखडी दिसत नाही. ज्या विद्वानांना हे पटत नसेल त्यांनी एक आठवडा तिसऱ्या पाळीला उभे राहून शनिवारी व्याकरण वाचून पाहावे.

प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याने पहिली मर्यादा पडली ती १९११ च्या फॅक्टरी कायद्याने, आणि तीही कापड गिरण्यांपुरती. मर्यादा किती? दिवसाला बारा तास. त्याच १९११ साली ना. म. जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालवणाऱ्या संस्थांत तिचे नाव पुढचे. साल एकच पडावे हा योगायोग असेल; पण बारा तास यंत्रापुढे उभे राहून आलेला माणूस ज्या बाकावर येऊन बसला, त्या बाकाकडे आम्हांला नुसते आदराने पाहता येत नाही. किती रात्री त्याचे डोके वहीवर टेकले असेल! पुढे १९२२ मध्ये अकरा तास, १९३४ मध्ये दहा, १९४६ मध्ये नऊ, आणि १९४८ च्या कायद्यात आठवड्याचे अठ्ठेचाळीस. म्हणजे दिवसाचे तीन तास परत मिळवायला पस्तीस वर्षे लागली. रात्रशाळांच्या उपकारकर्त्यांत आम्ही शिक्षकांबरोबर संपकऱ्यांनाही धरतो ते यासाठी.

परंतु हा सारा हिशेब पुरुषाचा झाला. स्त्रीच्या चुलीपुढच्या तासांना कोणत्याही कायद्याने मर्यादा घातलेली नाही. या बाबतीत पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र लक्षात घेण्यासारखे आहे. जन्म १८७०, देवरुखचा. अकराव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य. थोरली बहीण, म्हणजे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, पुण्यात होती. तिच्याकडे येऊन ऐन पंचविशीनंतर त्या शिकायला बसल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमात शिकवू लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या. इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांच्या परिचयाची आहे.

आम्हांला अधिक विचार करायला लावते ती पुढची गोष्ट. १९१८ साली, पन्नाशीला दोन वर्षे उरली असताना, पार्वतीबाई इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला निघाल्या. गाठीशी पैसा नाही, भाषा तर जवळजवळ नाहीच. तिथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले आणि दुसऱ्याच्या चुलीपुढे उभे राहून ती भाषा शिकून घेतली. आश्रमात मान असलेली, नात्यागोत्यात वडीलधारी ठरलेली बाई परमुलखात मोलकरीण झाली. दोन वर्षांनी परत आल्या. १९२८ साली त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र निघाले. त्यांच्या धैर्याचे कौतुक सर्वच करतात. आमचे लक्ष मात्र जाते ते या देवघेवीकडे. शिकण्यासाठी लागणारा वेळ त्यांना कोणी दिला नाही. घरकाम विकून तो त्यांनी विकत घेतला. आणि हे घरकाम त्या इथे राहून करत्या तर त्याची कोणी दमडीही मोजली नसती.

पुरुष शिकतो तेव्हाही हीच बाजू झाकलेली असते. नारायण सुर्वे यांचे उदाहरण घ्या. गिरणगावात वाढलेले, चौथीनंतर शाळा सुटलेली, गिरणीत राबलेले. मुंबई महापालिकेच्या शाळेत ते शिपाई होते. संसार मागे लागल्यावर त्यांनी सातवीची परीक्षा दिली आणि ते शिक्षक झाले. शाळेची घंटा ज्याच्या हाती, तोच पुढे खडू हाती घेऊन वर्गात उभा राहिला. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले, १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले. आता त्यांच्या पत्नी कृष्णाबाई यांच्या आत्मकथनाचे नाव पाहा: ‘मास्तरांची सावली’. मास्तर ज्या संध्याकाळी पुस्तक घेऊन बसले, त्या संध्याकाळी घर कोणी ओढले, हे त्या नावातच आले. ज्या घरात एकाने शाळेत परत जायचे ठरते, त्या घरात दुसऱ्या कोणाचे तरी तास वाढतात. हा ठराव घरात कधी मताला टाकला जात नाही.

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कारखान्यातील एक सभासद युनियनच्या कचेरीत आला. वय एकेचाळीस. हातात दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म, फोटोसुद्धा चिकटवलेला. दहावी नसल्यामुळे त्याची वरची श्रेणी अडली होती, पण तो म्हणाला, “अण्णा, श्रेणीचं राहू द्या. पोरगी आठवीत आहे, तिचं गणित मला कळत नाही.” त्याचे मागणे एवढेच होते, की परीक्षेपर्यंत कंपनीने त्याला कायम पहिली पाळी द्यावी. पाळी दर आठवड्याला फिरते. ज्या आठवड्यात दुसरी पाळी, त्या आठवड्यात रात्रशाळा बुडणार. तिसऱ्या पाळीत वर्गात बसून कामावर जायचे म्हणजे झोप बुडणार. तीन आठवड्यांतून एक आठवडा धड शिकता येते. असा विद्यार्थी नापास झाला तर त्याचे खापर आपण त्याच्या वयावर फोडतो.

आम्ही त्याला म्हणालो, “एकट्यासाठी पाळी मागितली तर बाकीचे उद्या दारात उभे राहतील. करार होऊ द्या, मग बघू.” तेव्हा कराराची बोलणी ऐन रंगात होती आणि आमच्या डोक्यात महागाई भत्त्याशिवाय काही नव्हते. करार झाला, वाढ चांगली मिळाली, त्याने आमच्या गळ्यात हारही घातला. फॉर्मचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही काढला नाही. तो फॉर्म आमच्या कचेरीतील एका फायलीत राहून गेला. ज्याने स्वतः आठवीत शाळा सोडली आणि पुढचे सारे शिक्षण वाचनालयांत व तुरुंगाच्या कोठडीत केले, त्याला हे कळायला हवे होते.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही, नापास होण्याची भीती नाही, अशी ही प्रौढांची शाळाच होय, आणि तिच्या बाकांवर बसून आम्हीही पुष्कळ शिकलो. तरी एक गोष्ट नोंदवतो. व्याख्यान संध्याकाळी असते. त्या वेळी दुसरी पाळी सुरू असते, आणि पुष्कळ घरांत कणीक मळायची वेळ असते. न आलेल्या श्रोत्यांची संख्या कोणत्याही अहवालात छापली जात नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाच्या दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, असे सांगण्यात येते. कंत्राटी कामगार संमती कशी देतो ते आम्ही पाहिलेले आहे. बाराचा आकडा मात्र ओळखीचा वाटला. तो १९११ चा आहे.

आमच्या यंदाच्या मागणीपत्रात एक नवे कलम आहे: दहावी, बारावी वा मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला बसणाऱ्या कामगारास परीक्षेपूर्वी चार महिने पाळी न बदलता पहिली पाळी द्यावी, स्त्री कामगारांस त्याच काळात रोज एक तास लवकर सोडावे. पहिल्याच बैठकीत व्यवस्थापनाने त्यावर तांबड्या पेन्सिलीने काट मारली. आमच्यापैकी दोघा प्रतिनिधींनीही बाहेर आल्यावर विचारले, “अण्णा, हे कलम सोडून बोनसवर जोर दिला तर?” दुसरी बैठक पुढच्या महिन्यात आहे. तो सभासद आता पंचावन्नच्या पुढे गेला आहे. फाईल शोधून त्याचा फॉर्म आम्ही त्याला परत दिला, तेव्हा त्याने फोटोकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, “हा अजून चालतो का?”

फॉर्म नवा भरावा लागेल, असे आम्ही त्याला सांगितले. तो घेऊन ये, असे तो म्हणालेला आहे.