बर्फातला निवारा

ऑगस्ट म्हटला की आपल्याला श्रावणसरी आठवतात. ऑस्ट्रेलियात तो ऐन हिवाळा. १९२८च्या ऑगस्टमध्ये लॉरी सीमन आणि इव्हान हेज हे दोघे स्कीवरून कोझिअस्को शिखराकडे निघाले, आणि हिमवादळात हरवले. लॉरीचा मृतदेह आधी सापडला, हेजचा सुमारे दोन वर्षांनी. सापडलेल्या कॅमेऱ्यातली फिल्म धुतल्यावर कळले, दोघे शिखरावर पोचले होते! ती छायाचित्रे आईवडिलांनी कशी पाहिली असतील, या विचाराशी मी अडखळतो.

सीमन कुटुंबाने पैसे दिले. १९२९ मध्ये लॉरी सापडला त्या परिसरात, दोन हजार मीटरांवर, दगडी झोपडी उभी राहिली. आपल्याकडे गेलेल्याच्या नावाने पाणपोई घालतात, तशीच ही. फक्त इथे पाण्याऐवजी ऊब. पुढे वादळात सापडलेल्या कित्येकांनी तिथे रात्र काढली आणि सकाळी ते आपापल्या घरी गेले.