मेरिकानी व्यापार

मेरिकानी व्यापार : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू इंग्लंड विभागातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मुख्यतः झांझिबार बेटावर, होणारा सुती कापडाचा निर्यात व्यापार. ‘मेरिकानी’ हे अमेरिकेच्या नावावरून स्वाहिली भाषेत रूढ झालेले नाव असून ते जाड्याभरड्या, न धुतलेल्या कोऱ्या कापडास लावीत. आपल्याकडील मांजरपाटाशी त्याचे बरेच साम्य होते. अमेरिकन शासनाने आफ्रिकी बाजारपेठेत आपल्या व्यापाऱ्यांना करार व वकिलात यांद्वारे पाठबळ दिल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

मॅसॅचूसेट्समधील सेलम बंदराची जहाजे १८२० नंतर झांझिबारला नियमित येऊ लागली. सेलम हे लहान बंदर. बॉस्टन व न्यूयॉर्क यांच्याशी मोठ्या मार्गांवर स्पर्धा करणे तेथील व्यापाऱ्यांना जड जात असल्याने ते इतरांनी दुर्लक्षिलेल्या बाजारपेठांच्या शोधात असत. झांझिबार त्या वेळी ओमानचा सुलतान सय्यद सईद याच्या अंमलाखाली होते. आफ्रिकेच्या अंतर्भागातून येणारे हस्तिदंत, किनाऱ्यावरील कोपल डिंक, कातडी आणि पुढे सुलतानाच्या उत्तेजनाने वाढलेल्या बागांतील लवंग हा तेथील मुख्य माल. कोपल डिंकाचा उपयोग व्हार्निश तयार करण्यासाठी होई. हस्तिदंताला कनेक्टिकटमधील कारखान्यांची मागणी असे. तेथे त्याच्या फण्या आणि पियानोच्या पट्ट्या बनत.

न्यू हँपशरमधील पोर्टस्मथचा व्यापारी एडमंड रॉबर्ट्‌स हा १८२७-२८ मध्ये झांझिबारला आला असता जकात व मालविक्री यांबाबत त्याला बराच त्रास झाला. त्याने सुलतानाची प्रत्यक्ष भेट घेतली. सुलतानालाही इंग्रजांवरील आपले अवलंबन कमी व्हावे आणि बंदरात अधिक जहाजे यावीत असे वाटत होते. परतल्यावर रॉबर्ट्‌सने वॉशिंग्टनमध्ये प्रयत्न केले आणि १८३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्रू जॅक्सन याने त्यास विशेष दूत म्हणून नेमले. ही नेमणूक गुप्त ठेवण्यात आली होती व ‘पीकॉक’ या युद्धनौकेवर त्याची नोंद कप्तानाचा कारकून अशी होती. सयामशी करार आटोपून तो मस्कतला आला. तेथे २१ सप्टेंबर १८३३ रोजी सुलतानाशी तह झाला.

या तहान्वये सुलतानाच्या बंदरांत अमेरिकनांना व्यापाराची मोकळीक मिळाली. उतरविलेल्या मालावर शेकडा ५ जकातीखेरीज अन्य आकार घ्यावयाचा नव्हता. जहाज फुटल्यास खलाशांची व्यवस्था सुलतानाने करावयाची होती, तसेच अमेरिकेला वकील नेमण्याचा व अमेरिकनांमधील आपापसांतील तंटे वकिलाने सोडविण्याचा अधिकार होता. बंदुका व दारूगोळा मात्र झांझिबार बेटावर केवळ सुलतानाच्या सरकारलाच विकता येत असे. इंग्लंडशी असाच तह १८३९ मध्ये व फ्रान्सशी १८४४ मध्ये झाला. म्हणजे या बाबतीत अमेरिकन अग्रेसर ठरले. रॉबर्ट्‌सला मात्र त्याचे फळ फार काळ पाहता आले नाही. दुसऱ्या दौऱ्यावर असताना १८३६ मध्ये तो मकाव येथे मरण पावला.

पहिला अमेरिकन वकील म्हणून सेलमचा रिचर्ड वॉटर्स १८३७ मध्ये झांझिबारला रुजू झाला. तो वकील होता आणि त्याचबरोबर व्यापारीही. सरकारी अधिकार व खाजगी नफा यांची अशी सरमिसळ त्या काळी गैर मानली जात नसे. तथापि तिचे परिणाम लवकरच दिसू लागले. झांझिबारची जकात वसूल करण्याचा मक्ता कच्छी भाटिया व्यापारी जयराम शिवजी याच्याकडे होता. वॉटर्सने त्याच्याशी असा सलोखा जोडला, की अमेरिकेतून येणारा बहुतेक माल जयरामच्या हातून विकला जाई व परतीचे हस्तिदंत, डिंक त्याच्याच मार्फत मिळे. जकातघर आणि तेथील हमालही जयरामच्या ताब्यात असल्याने इतरांना माल चढविणे-उतरविणेही अवघड होई. इंग्रज व्यापाऱ्यांबरोबर खुद्द काही अमेरिकनांनीही याविरुद्ध तक्रारी केल्या. तहाने मुक्त व्यापाराची हमी दिली खरी, परंतु व्यवहारात ती दोन माणसांच्या समजुतीवर चालली, असे म्हणावे लागते. वॉटर्स १८४४ मध्ये बरीच संपत्ती घेऊन परतला. सुलतानानेही १८४० मध्ये ‘सुलताना’ हे आपले जहाज अहमद बिन नामान याच्या हाताखाली न्यूयॉर्कला धाडून उलट दिशेने व्यापाराचा प्रयत्न केला. नगरीने पाहुण्यांचे स्वागत केले व अमेरिकन नौदलाने जहाजाची डागडुजी करून दिली. हा प्रयोग मात्र एवढ्यावरच थांबला.

मेरिकानीच्या यशाचे श्रेय केवळ तहाला देणे योग्य होणार नाही. ग्राहकाची पसंती हे त्याचे खरे कारण होय. हे कापड घट्ट विणीचे व टिकाऊ होते, धुतल्यावर त्याचा पोत बिघडत नसे. मँचेस्टरच्या गिरण्यांनी त्याची नक्कल करून पाहिली. पण खळ देऊन जड केलेले ते कापड आफ्रिकी गिऱ्हाइकाने ओळखले व नाकारले. अंतर्भागात मेरिकानी हे जवळजवळ चलनच बनले. ‘शुका’ व ‘दोती’ या मापांनी ते मोजले जाई आणि ताबोरा, उजीजीपर्यंतच्या तांड्यांचा हमालखर्च, वाटेवरील सरदारांचा कर व हस्तिदंताची किंमत त्यातच चुकती होई. हेन्री स्टॅन्ली १८७१ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ निघाला तेव्हा मणी व तारेबरोबर त्याने प्रामुख्याने हेच कापड बरोबर घेतले. भारतातून जाणारे निळीत रंगविलेले ‘कनिकी’ कापडही या बाजारात खपे. परंतु अमेरिकन मालाचा मान वेगळा होता.

या व्यापाराची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडाचा कापूस दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांच्या श्रमांवर पिकत असे. झांझिबारमध्ये त्या कापडाच्या मोबदल्यात मिळणाऱ्या लवंगेच्या बागाही गुलामच राखीत. वॉटर्स हा गुलामगिरीचा विरोधक व धार्मिक वृत्तीचा गृहस्थ. गुलामांच्या बाजाराबद्दलची खंत त्याच्या रोजनिशीत आढळते. त्याचा व्यापार मात्र त्याच व्यवस्थेच्या आधारे वाढला.

अमेरिकन यादवी युद्धाने (१८६१–६५) या व्यापाराचा कणा मोडला. कापूस मिळेनासा झाला, मेरिकानीच्या किंमती चढल्या आणि इंग्लिश व भारतीय कापडाला वाव मिळाला. सेलम बंदर उथळ असल्याने मोठ्या जहाजांना निरुपयोगी ठरत होतेच. १८७० नंतर झांझिबारशी त्याचा प्रत्यक्ष संबंध संपला व व्यापार बॉस्टन-न्यूयॉर्ककडे गेला. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, १८७२ मध्ये एडन-झांझिबार आगबोटसेवा सुरू झाली आणि मुंबई या बाजाराच्या फार जवळ आली. युद्धानंतर अमेरिकन कापड पुन्हा आले, परंतु त्याला आता नवा प्रतिस्पर्धी होता. ज्या युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आणले, त्यानंतरच्या पिढीत मुंबईच्या गिरण्यांनी मेरिकानीच्या धर्तीचे कोरे कापड काढून पूर्व आफ्रिकेत खपविले. झांझिबारमधील भारतीय व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचे मुंबईशी असलेले जुने संबंध या कामी उपयोगी पडले. शतकाच्या अखेरीस अमेरिकन माल मागे पडला होता. १८९० मध्ये झांझिबार ब्रिटिश संरक्षित राज्य झाले. मेरिकानी हे नाव मात्र टिकून राहिले व कापड कोठलेही असले, तरी त्याला तेच म्हणू लागले.

वसाहतींच्या काळात आफ्रिकेचा बराचसा व्यापार राज्यकर्त्या देशांशी बांधला गेला आणि अमेरिकन निर्यातीला मर्यादा पडल्या. पुढे निर्यातीला पाठबळ देण्याचे काम वकिलाकडून वित्तसंस्थांकडे गेले. १९३४ मध्ये स्थापन झालेली निर्यात-आयात बँक, १९७१ पासून कार्यरत असलेले परदेशी खाजगी गुंतवणूक निगम व २०१९ मध्ये त्याची जागा घेणारे विकास वित्त निगम या त्यांपैकी प्रमुख होत. २००० च्या आफ्रिका विकास व संधी अधिनियमाने मात्र प्रवाह उलटा वळविला. सहाराच्या दक्षिणेकडील पात्र देशांच्या मालाला अमेरिकेत जकातमाफी मिळाली. २०१५ मध्ये वाढविलेली तिची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. या सवलतीचा मोठा लाभ केन्या, लेसोथो यांसारख्या देशांच्या तयार कपड्यांना झाला आणि विशेष तरतुदीमुळे त्यांपैकी बरेचसे कपडे आशियातून आणलेल्या कापडाचे शिवले गेले.